निस्ती कसर

आत्याबाई,

काल तुमच्या पुण्यानुमोदनाला मला दोन शब्द बोल म्हणले. मी उठले, माईक हातात घेतला, "आमच्या आत्याबाई" एवढं म्हणले अन् परत सतरंजीवर बसले. बायांना वाटलं रडू आलं. रडू न्हाई आलं. माह्या आधी चौघं बोलून गेल्ते अन् चौघंबी फिरून फिरून एकच सांगून राह्यले होते, की सून असावी तर अशी, संगीतानं सासूचं करण्यात काही कसर ठेवली न्हाई. त्यावर मान डोलवून पुढं बोलायचं, हे माह्याच्यानं झालं न्हाई.

कसर म्हणजे काय, ते त्या मांडवात कुणाला म्हाईत नव्हतं. तुमाला होतं, अन् तुमी फोटोत होत्या.

भंतेजी म्हणले, जे उपजतं ते जातं, आत्मा-बित्मा मागं काही उरत न्हाई. बराबर हाये. मी बी लहानपणापासून हेच ऐकत आले अन् हेच मानते. मंग आज सकाळपासून तुमच्याशी का बोलून राह्यले, ते मला इचारू नका. अठरा वर्षं एका घरात भांडले तुमच्याशी, बारा दिवसांत सवय कशी मोडंल? चहा ठेवताना अजून दोन डाव जादा पाणी टाकते अन् मंग ते मोरीत ओतते.

आपली पहिली भांडणं आठवतात का? मी नवी नवरी, नुकतीच आशा म्हणून काम धरलेली, अन् तुमी शहागडच्या स्टँडवर उकडलेल्या शेंगा इकणाऱ्या. मी म्हणले, आत्याबाई, टोपल्यावर फडकं टाकत जा, माश्या बसतात, गावाला मी स्वच्छता शिकवते अन् घरातच हे. तुमी म्हणल्या, "आशा झालीस ती गावाची. माह्या टोपल्याची न्हाई झाली." पण दुसऱ्या दिवशी फडकं होतं टोपल्यावर. माह्या लग्नातल्या ओढणीचं होतं, न इचारता फाडलेलं. महिनाभर मी तुमच्याशी धड बोलले न्हाई.

अन् ज्या वेळी भावकीतले लोक म्हणायला लागले, की सून घरोघर हिंडती, बाळंतिणीच्या याद्या करती, हे काही शोभतं का, त्या वेळी तुमीच दारात उभ्या राह्यल्या. बसच्या खिडक्यांना ओरडून ओरडून तयार झालेला तुमचा आवाज. "माही सून हिंडायला न्हाई जात, कामाला जाती. ज्याला तरास व्हतो त्यानं आपल्या घरात डोळे मिटून बसावं." मला मात्र घरात आल्यावर म्हणल्या, लई टेंभा मिरवू नको, भाकरी जळाली. हे काल मला सांगायचं होतं. हे तरी सांगायला पायजे होतं.

तुमी शाळेत गेल्या न्हाईत. बसच्या पाट्या वाचून वाचून अक्षरं जमवली. गेवराई, अंबड, पैठण, बीड. ज्या अक्षराचं गाव न्हाई ते अक्षर तुमाला येत नसायचं. मी म्हणायचे, या, मी शिकवते, तर म्हणायच्या, मला जिथं जायचंय तिथली पाटी वाचता येती, बाकीच्या गावाला माहं काय काम. पण तुमाला वाचता येत होतं, आत्याबाई. हळूहळू, बोट ठेवून, पण येत होतं. हे मी इसरले, अन् त्याचंच पुढं सगळं झालं.

मागच्या साली दमायला लागल्या. टोपलं उतरवलं की तिथंच बसायच्या. मी लोहाच्या गोळ्या दिल्या. हातावर निळे डाग दिसले, इचारलं कुठं धडकल्या, तर म्हणल्या बसच्या दाराला. मला पटलं. तीन हप्ते मी तुमाला गोळ्याच चारत राह्यले. मंग एक दिवस दात घासताना हिरड्यातनं रक्त थांबंना, तवा अंबडला रक्त तपासलं अन् त्यांनी तिथूनच संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात धाडलं. कमरेच्या हाडातला मगज काढून तपासला. डॉक्टरनं आपल्या तिघांना बसवून सांगितलं, रक्ताचा कॅन्सर हाये, वय अन् ताकद बघता जोराचं औषध झेपणार न्हाई, कातडीखाली टोचायचं एक इंजेक्शन हाये, महिन्यातले सात दिवस लागोपाठ घ्यायचं. मुळासकट जाईल असं न्हाई, पण थोपवून धरता येईल. तुमचा लेक गौतम रडायला लागला. तुमी त्याच्या पाठीवर थाप मारली अन् डॉक्टरला इचारलं, "सात दिवस म्हंजी इतवारी बी का?"

त्या सात-सात दिवसांच्या फेऱ्या. सकाळची पहिली बस, खिडकीची जागा तुमाला, तोंडाला मास्क. सिस्टर आतल्या खोलीत औषध कालवून आणायच्या, पांढरं, दुधासारखं गढूळ. टोचायच्या आधी सिरिंज दोन्ही तळव्यांत फिरवायच्या, कारण औषध तळाला बसतं. कालवलं की जल्दी टोचावं लागतं, ठेवून चालत न्हाई. पोटावर, मांडीवर, दंडावर, रोज नवी जागा, आधीच्या टोचणीपासून बोटभर लांब, जिथं लाल झालंय किंवा दुखतंय तिथं बिलकुल न्हाई. सिस्टर कार्डावर माणसाचं चित्र काढून फुल्या मारायच्या. तुमी त्यांना म्हणायच्या, "काल बांधाच्या अल्याड पेरलं, आज पल्याड पेरा. वावर माहंच हाये." त्या सिस्टर हसता हसता सुई कधी टोचायच्या ते कळायचं न्हाई.

पहिल्या फेरीला त्यांनी मला एक कागद दिला. औषध अंगातनं बाहेर पडेस्तोवर काय सांभाळायचं, ते त्यावर लिहिलेलं. इंजेक्शन झाल्यावर दोन दिवस उलटी, लघवी, संडास ह्यांत औषध उतरतं, ते निस्तरताना हातमोजे घालायचे. खराब झालेले कपडे वेगळे धुवायचे. संडासात भरपूर पाणी टाकायचं. अन् ताप. शंभर पॉइंट चार झाला की लगोलग दवाखाना, कितीबी वाजलेले असोत, कारण ह्या औषधानं रक्तातले पांढरे सैनिक मरतात अन् साधा जंतू बी माणूस घेऊन जातो.

मला असले कागद आवडतात. माहं काम तेच हाये. मी घरी आले, पांढरा पुठ्ठा घेतला, लाल स्केचपेननं मोठ्या अक्षरात सगळं उतरवून काढलं अन् तुमच्या बाजेसमोरच्या भिंतीला चिकटवलं. गौतम म्हणला, अंगणवाडी केली घराची. मला लई अभिमान वाटला, खरं सांगते.

दुसऱ्या दिवशी तुमाला उलटी झाली. मी हातमोजे चढवले, मास्क लावला, वेगळी बादली घेतली, तुमचं लुगडं चिमटीत धरून त्या बादलीत टाकलं. तुमी भिंतीला टेकून माह्या हाताकडं बघत होत्या. माह्या तोंडाकडं न्हाई, हाताकडं.

"संगे, आता घरात बी का?" तुमी म्हणल्या.

मला आधी कळालंच न्हाई. मंग तुमी सांगितलं. आष्टीकडचं तुमचं माहेर, तुमची माय ज्याच्या वावरात निंदायला जायची त्याचं घर, अन् तिथं वळचणीला खोचलेली एक कान तुटलेली कपबशी. तुमी सात-आठ वर्षांच्या. चहा वरून वतायचे, हात लागू द्यायचे न्हाईत, पिऊन झालं की कप आपणच इसळायचा अन् परत वळचणीला खोचायचा. एकदा तुमच्या हातानं कप फुटला, तर दुसरा मिळाला न्हाई, नारळाच्या करवंटीत चहा दिला. धम्म घेऊन कैक वर्षं झाली होती तवा, पण त्या घरापर्यंत ते पोचलं नव्हतं. हे सगळं अठरा वर्षांत पहिल्यांदा सांगितलं तुमी मला. अन् मी काय केलं? वाद घातला.

मी म्हणले, आत्याबाई, असं कसं बोलता, मी बी आपल्याच लोकातली, मी का तुमचा इटाळ धरीन? ते माणसाला टाळायचे, मी औषधाला भिऊन राह्यले. ह्यात फरक हाये.

"फरक तुला म्हाईत," तुमी म्हणल्या. "हातमोज्यावर लिव्हलंय का तसं?"

मी म्हणले, शास्त्र हाये हे, कारणाशिवाय न्हाई.

"त्याह्यच्याकडं बी कारण असंलच की. बिगर कारणाचं कोण करतंय."

मी चिडले. माहा राग असाच हाये, उत्तर सुचलं न्हाई की आवाज चढतो. मला शाळेत सगळ्यांच्या माठातलं पाणी मिळालं, ते तुमच्यासारख्यांनी सोसलं म्हणून मिळालं, हे मला जयंतीच्या भाषणात घडाघडा बोलता येतं. पण ज्या बाईनं सोसलं ती समोर बसली तर तिला मी भिंतीवरचा पुठ्ठा दाखवला. म्हणले, वाचा.

अन् तुमी वाचलं. रोज वाचलं असंल. बाजेवर पडल्या पडल्या समोर तेच होतं.

पुढच्या फेरीला मी सिस्टरांना सांगितलं, की ह्यांना हातमोज्यांचं वाईट वाटतं. त्या मला बाहेर घेऊन न्हाई गेल्या, तुमच्यासमोरच बोलल्या. म्हणल्या, आजी, हे बघा, औषध हातात असलं की मी बी मोजे घालते, औषध ठेवलं की काढते. अन् खरंच मोजे काढून, हात धुऊन त्यांनी तुमचा हात हातात घेतला, बराच वेळ. तुमी मान हलवली. बसमध्ये म्हणल्या, पोरगी गुणाची हाये. मला वाटलं, चला, मिटलं.

मिटलं कसलं. सिस्टरांनी मोजे काढून दाखवले, ते मी बघितलं अन् घेतलं न्हाई. मी काय करायचे, पुन्हापुन्हा कोण काढ-घाल करतंय, म्हणून सात टोचणीचे अन् वरचे दोन, त्या नऊ दिवसांत सकाळी मोजे चढवले की चढवले. पाणी देताना मोजे. गोळी देताना मोजे. एकदा तुमची वेणी घातली मोजे घालूनच. रबरात केस अडकून ओढले गेले, तुमी मान तशीच ताठ धरली. तुमचा गौतम उघड्या हातानं तुमचे पाय चेपायचा, त्यालाच मी वरडायचे.

तिसऱ्या महिन्यात रक्त सुधारलं. रक्ताची बाटली लावायची गरज कमी झाली. डॉक्टर म्हणले, औषध लागू पडून राह्यलंय. एक दिवस तुमी हट्टानं स्टँडवर गेल्या, निस्तं अर्धा घंटा, मास्क लावून, टोपलं माह्या डोक्यावर. बस आली अन् तुमी तशाच खिडकीला गेल्या. आवाज फाटला होता, पण गेला लांबपर्यंत. परत येताना एक पुडी माह्या हातात दिली, "घे, तपास, माशी बसली का बघ." त्या दिवशी आपण दोघीबी हसलो. त्या दिवशी तुमचा हात धरायला पायजे होता मी. जागा होती, वेळ होता, मोजे बी नव्हते हातात.

मंग तुमी लपवायला लागल्या. मला उशिरा कळालं. मी कामाला गेले की उलटी आपल्या जुन्या पातळाच्या तुकड्यानं पुसायची, ते तुकडे आपणच धुवायचे, बाजेखाली वाळवायचे. मळमळ झाली का, न्हाई. जुलाब, न्हाई. सगळ्याला न्हाई. चौथ्या फेरीच्या नवव्या दिवशी मी लवकर घरी आले तर तुमी मोरीत बसून, उघड्या हातानं, कापत कापत ते तुकडे घासून राह्यल्या होत्या. मला काय झालं म्हाईत न्हाई. भीती वाटली, तिचा राग झाला.

मी म्हणले, "घरात एक कॅन्सर पुरे न्हाई का? मला बी तुमच्या पंगतीला बसवायचंय का?"

तुमी हात धुतले. भिंत धरत धरत बाजेवर गेल्या अन् तोंड फिरवून निजल्या. तुमी भांडल्या असत्या तर मी वाचले असते, आत्याबाई. तुमी भांडल्या न्हाईत. दोन दिवस आपण बोललो न्हाई. मी ताट ठेवायचे, तुमी दोन घास खायच्या. मला वाटायचं, ह्यांनी आधी बोलावं. चूक ह्यांचीच हाये, कागदावर लिहिलेलं हाये.

अकराव्या दिवशी मी लसीकरणाला निघाले. पिशवी खांद्याला, एक पाय उंबऱ्याच्या बाहेर. तवा तुमी बोलल्या.

"संगे, जराशी कसर वाटतीया."

मी मागं वळले. म्हणले, ताप हाये का? मोजू का?

"ताप न्हाई. निस्ती कसर. जा तू, तुला उशीर व्हईल."

अन् मी गेले. माह्या पिशवीत थर्मामीटर होतं, आत्याबाई. गावातल्या कुण्या लेकराचं अंग कोमट लागलं तर मी त्याच्या मायला सांगते, आधी मोज, मंग बोल. आपल्यात बायका ताप कधी म्हणतच न्हाईत, हे माह्यापेक्षा जास्त कुणाला म्हाईत हाये? अंगात कणकण हाये, कसर हाये, अंग मोडून आलंय, असंच म्हणतात, अन् थर्मामीटर लावलं की एकशे दोन निघतो. मी नव्या पोरींना हेच शिकवते, ताप इचारू नका, कसर इचारा. अन् माह्याच घरात माह्याच सासूनं तो शब्द उच्चारला तर मला तुमचा निरोप ऐकू आला न्हाई, मला एवढंच ऐकू आलं, की बोलल्या बया एकदाच्या, हरल्या. मी मनात जिंकले अन् निघून गेले.

दोन पावलं मागं यायचं होतं. थर्मामीटर बी नको होतं, कपाळावर तळवा ठेवला असता तर कळालं असतं. अकरावा दिवस होता तो. मोज्यांचे दिवस संपून गेल्ते.

तीनला आले अन् मोजला. साधा. अठ्ठ्याण्णवच्या वर काही न्हाई. मला लई बरं वाटलं. दिवेलागणीला परत मोजला, साधा. म्हणले, कसरच होती. तुमी डोळे मिटून पडल्या होत्या. सकाळी चांगलं उजाडल्यावर चहा घेऊन आले तर तुमी हुडहुडी भरून थरथरत होत्या अन् मला म्हणून राह्यल्या होत्या, माय, कप मी न्हाई फोडला. मी मोजला, एकशे तीन. गाडी केली. गौतमच्या मांडीवर तुमचं डोकं. दवाखान्यात लगेच सलाईन, रक्तात जंतू, बीपी खाली. डॉक्टरनं इचारलं, ताप कधीपासून? मी म्हणले, काल रातच्यापर्यंत नव्हता, मी दोनदा मोजला. त्यांनी कागद परत चाळले. म्हणले, असं सहसा होत न्हाई.

दोन दिवसांत तुमी गेल्या. काचेच्या आत होत्या, हात धरायला मिळाला तो तुमी गेल्यावर.

परवा तुमची फाईल आवरून राह्यले होते. त्यात तो मूळ कागद निघाला. मी भिंतीवर सगळं उतरवून काढलं होतं असं मला वाटत होतं. कागद उलटा केला. मागच्या बाजूला, सगळ्यात खाली एक ओळ होती. रुग्णाला स्पर्श करणे, जवळ बसणे, मिठी मारणे पूर्णपणे सुरक्षित आहे, त्यासाठी हातमोज्यांची गरज नाही. ही ओळ मी त्या दिवशी वाचल्ती. मला आठवतंय वाचल्याचं. पुठ्ठ्यावर जागा न्हाई उरली, अन् हा काही नियम न्हाई, म्हणून मी ती सोडली. तुमी चार महिने बोट ठेवून ती भिंत वाचत होत्या अन् त्यावर सगळं काय करू नका, हेच होतं.

म्हणून काल मी बसले. मला वाटलं, माहं मी बघून घेईन, हे ओझं माहंच हाये. पण आज सकाळी तुमचा गौतम चुलीपाशी येऊन बसला. बारा दिवस त्यानं धड काही खाल्लेलं न्हाई, ट्रकच्या वायरिंगचं दुकान बंद, दाढी वाढलेली. म्हणला, संगीता, तुला एक सांगायचंय, तू चिडू नको.

म्हणला, त्या दिवशी दुपारी मी जेवायला आल्तो. मायचं अंग चटका बसंल असं तापलेलं होतं. मी म्हणलो, संगीताला फोन लावतो, तर मायनं माहा हात धरला. म्हणली, तिला बोलवू नको, ती पळत ईल, मोजे घालंल, तिला तरास अन् मला बी तरास, तू मला एक तापाची गोळी दे, उतरंल. मी दिली. सांजच्याला अजून एक दिली. मायनं शपथ घातली, संगीला सांगू नको म्हणून.

मी भाकरी थापत होते. हात थांबला न्हाई माहा, कसा न्हाई थांबला म्हाईत न्हाई. मला सगळं एका दमात कळालं. ताप साधा का निघाला ते कळालं. असल्या आजारात मोजल्याशिवाय तापाची गोळी द्यायची नसती, गोळी ताप झाकती, आतले जंतू वाढतच राहतात अन् थर्मामीटर म्हणतं सगळं ठीक हाये. तीन वाजता जर माह्या हातात एकशे एक आला असता, तर तुमी त्याच सांजच्याला दवाखान्यात असत्या. वाचल्या असत्या असं मी म्हणत न्हाई. पण एक आख्खी रात हातात होती, अन् ती त्या दोन गोळ्यांत गेली.

तो माह्या तोंडाकडं बघत होता. तुमच्यासारखाच बघतो तो, पापणी हलवत न्हाई. म्हणला, "त्या गोळीनं काही वाईट तर झालं न्हाई ना? तू आशा हायेस, तुला म्हाईत असंल. खरं सांग."

काल ह्याच माणसाशेजारी बसून मी पंचशील म्हणले. खोटं बोलणार न्हाई, हे शील मोठ्या आवाजात घेतलं. अन् तुमाला म्हाईत हाये मी कशी हाये, गोळीच्या बाबतीत मी कुणाच्या बापाला भीत न्हाई, तोंडावर सांगते.

मी म्हणले, "न्हाई. साध्या गोळीनं काय होतंय? बरं केलं तुमी, तेवढंच त्यांचं अंग हलकं झालं."

त्यानं मोठा श्वास सोडला. ताट ओढलं, अन् आख्खी भाकर खाल्ली, वर अर्धी मागितली. मंग तोंड धुतलं अन् म्हणला, जरा दुकानाकडं जाऊन येतो.

तो गेला अन् मी चुलीपाशीच बसून हाये. त्याला मी हे जल्मात सांगणार न्हाई, अन् आतल्या आत ठेवणं मला जमत न्हाई, तुमी नेहमी म्हणायच्या, संगीच्या पोटात तीळ भिजत न्हाई. असलं काही झालं की मी दुसऱ्या कुणापाशी गेले न्हाई कधी. तुमच्याशी भांडता भांडता सांगून टाकायचे. आता हे सांगायला तुमीच पायजे होत्या, आत्याबाई, अन् तुमी न्हाईत.